भंडाऱ्यातल्या फुटक्या काचा

नवे मध्य प्रदेश राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, काही दिवस आधी, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेकडच्या पाण्याच्या एका जुन्या भंडाऱ्यात भिंतींवर बसवलेल्या सगळ्या फुटक्या काचा काढून त्या जागी नव्या काचा बसवण्यात आल्या. हे काम भंडारा साफ करणाऱ्या टोळीने कोणी न सांगता केले. जुन्या काचा पोत्यात भरून शेताच्या बांधाशी पुरण्यात आल्या. कोणाला इजा झाली नाही.

त्या काचा माझ्या घरमालकांनी लावलेल्या होत्या.

खानदेशातून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकाला मी त्या काळात बुऱ्हाणपूरच्या बातम्या पाठवत असे. शहरात भाड्याची खोली हवी होती. कोणीतरी पत्ता दिला आणि सोबत इशाराही दिला, की मालक सज्जन आहेत पण वेगळे आहेत. त्यांनी मला ओसरीवर बसवले. पगार, गाव, लग्न, यातले काहीच विचारले नाही.

"चालताना टाचा आपटता?"

मी नाही म्हणालो.

"चालून दाखवा."

मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवले. ते मान तिरपी करून, उजवा कान माझ्याकडे ठेवून ऐकत होते. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, हे मला नंतर कळले.

"भिंतीत खिळे ठोकणार?"

"कॅलेंडर लावायचं झालं तर एखादा."

"कॅलेंडर दाराला लावा. दार लाकडाचं आहे, ते सोसतं."

खोलीच्या मागच्या भिंतीला वरून खाली एक बारीक भेग गेलेली होती. तिच्यावर बोटाएवढ्या रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोके प्लॅस्टरमध्ये घट्ट होती आणि काचेवर लाल रंगाने तारीख घातलेली होती. भिंत पडण्याची भीती आहे का, असे मी विचारले.

"काल संध्याकाळपर्यंत पडली नव्हती," ते म्हणाले.

मी खोली घेतली.

त्यांची सगळी उत्तरे याच घडणीची असत. त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, तब्येत कशी आहे असे कोणी विचारले, तर "सकाळी बरी होती." पाऊस येईल का, तर "अजून आलेला नाही." एकदा मी साप्ताहिकात त्यांच्या देखरेखीखालच्या भंडाऱ्याबद्दल चार ओळी दिल्या आणि शेवटी 'भंडारा पूर्ण सुरक्षित असल्याचे समजते' असे लिहिले. अंक आला त्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले.

"कोणाकडून समजलं?"

"तुमच्या खात्यातूनच."

"खात्यात कोणाकडून?"

मी कारकुनाचे नाव सांगितले.

"तो कधी खाली उतरला आहे?"

तो कधीच उतरलेला नव्हता. पुढच्या अंकात मी दुरुस्ती दिली. ती मजकुरापेक्षा मोठी झाली.

ते मूळचे बुऱ्हाणपूरचेच. तरुणपणी दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणीत मोजणीच्या कामाला गेले आणि केस पांढरे होऊ लागले तेव्हा परत आले. त्या खाणीत खोलवर गेल्यावर दगड अचानक फुटत असे. तिथल्या मोजणीखात्याचे काम एवढेच, की दगड कुठे सरकतो आहे, किती सरकतो आहे आणि सरकताना कसला आवाज करतो आहे, हे वर्षानुवर्षे पाहत राहायचे. असाच एकदा दगड फुटला तेव्हा ते जवळ होते. डावा कान तिथे गेला. त्या प्रसंगाबद्दल मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी दगडाचे वर्णन केले, कानाचे केले नाही.

परत आल्यावर त्यांना पाण्याच्या खात्यात ओव्हरसियरची जागा मिळाली. जुन्या भंडाऱ्यांपैकी एक त्यांच्याकडे होता. भंडारा म्हणजे जमिनीखालून कोरलेला पाण्याचा बोगदा. डोंगराकडून झिरपणारे पाणी तो शहराकडे आणतो, आणि ठराविक अंतरावर वरून त्यात उतरायला विहिरीसारख्या कुंड्या आहेत. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी लिहिले. लोक कुंडीत वाकून पाणी किती आहे ते बघत. हे छत बघत.

बोगद्याच्या छताला आणि भिंतींना जिथे जिथे भेग होती, तिथे त्यांनी काच लावली. भेग जरा जरी उघडली, तरी काच तडकते. तडकलेली काच ते काढत नसत. ती तशीच ठेवून तडकल्याची तारीख तिच्यावर घालत आणि शेजारी दुसरी लावत. कुठली काच आधी गेली, कुठली नंतर, दोन तुकड्यांत किती फट पडली, यावरून त्यांना दगडाची चाल कळे. बोगद्यात कंदील घेऊन चालले, की दोन्ही बाजूंना या तडकलेल्या पट्ट्या चमकत. शहरात त्यांना काचवाले म्हणत. काचा ते फोटो मढवणाऱ्याकडच्या कातरणातून आणत.

काचेबरोबर एक पेटीही होती. युद्धानंतर जुन्या बाजारात सैन्याचा माल विकायला आला, त्यात त्यांना एक हेडफोन मिळाला. त्याची एक डबी त्यांनी मेण लावून दगडातल्या भोकात बसवली, मध्ये मोटारीच्या बॅटरीवर चालणारी, आवाज मोठा करणारी पेटी जोडली आणि दुसरी डबी स्वतःच्या उजव्या कानाला लावली. मलाही एकदा ऐकायला दिले. आधी नुसती खरखर होती. नंतर तव्यावर मोहरी तडतडावी तसे दोन आवाज आले.

"दगड बोलतो म्हणायचा," मी म्हणालो.

"दगड बोलत नाही. दगड सरकतो. बोलतो आपण."

ऐकायच्या वेळेला शहरात गडबड चालली, की ते बेचैन होत. लग्नसराईत एकदा भंडाऱ्याच्या वाटेने वरात निघाली. हे कुंडीतून वर आले, ओल्या धोतरानिशी बँडमास्तरसमोर गेले आणि बाभळीच्या झाडापासून देवळापर्यंत तेवढा ढोल बंद ठेवा म्हणाले. बँडमास्तराने कारण विचारले. यांनी कारण सांगितले. ते इतके लांबले, की नवरदेव घोड्यावरून उतरून ऐकायला आला. वरात देवळापर्यंत मुकाट गेली. मुलीकडच्यांनी दुसऱ्या दिवशी घरी दराब्याची मिठाई पाठवली. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांनीच ढोल बंद केला असता, पण तेव्हा यांचे दोन्ही कान चालत होते."

काकू त्यांची थट्टा करत, आणि ती त्यांना आवडत असे. "माझ्यावर कुठे काच लावली आहे ते विचारा, भाऊ," त्या मला म्हणत. "एवढ्या वर्षांत तडकली असेल, पण सांगत नाहीत."

"तारीख घातली आहे," घरमालक आतून म्हणत.

पुढे मी बुऱ्हाणपूर सोडले. ते वारल्यावर काही वर्षांनी मी त्या घरी गेलो, तेव्हा काकूंनी घराला रंग दिला होता. रंगाऱ्याने भिंतीची काच सोडून चारी बाजूंनी ब्रश फिरवला होता. काच साबूत होती.

त्या उन्हाळ्याकडे येतो. राज्य बदलले होते. आमचे कागद आजवर नागपूरला जात, ते आता भोपाळला जाऊ लागले. खात्यातल्या माणसांना आपण कोणत्या यादीत आहोत हे कळत नव्हते. कोणी विदर्भात गेले, कोणी राहिले, कोणाचे हुकमाची वाट पाहणे चालू होते. ज्याचे काम कच्चे दिसेल त्याला घरी बसवणार, अशी बोलवा होती. तिला आधार नव्हता. मी तपासून पाहिले होते.

याच सुमारास नव्या खात्याचे एक अधिकारी भंडारा पाहायला येणार असे कळले. शहराबाहेर नवी वस्ती झाली होती आणि तिला पाणी नव्हते. भंडाऱ्याचा वरचा टप्पा गाळाने बुजला होता. तो मोकळा केला तर पाणी वस्तीपर्यंत जाईल, अशी योजना होती. गाळ काढायचा म्हणजे भंडारा साफ करणाऱ्या सुपडू मिस्त्रीच्या टोळीने त्या छताखाली महिनाभर उभे राहायचे. घरमालकांचे म्हणणे, त्या टप्प्यात छत सरकते आहे. काचा तिथे एकामागून एक, ओळीने आतल्या बाजूकडे तडकत गेल्या होत्या. अधिकाऱ्यांना ती ओळ दाखवायची, एवढीच त्यांची तयारी होती. त्यासाठी दुसऱ्या कागदाची गरज त्यांना वाटली नाही.

अधिकारी आले. ग्वाल्हेरकडचे, तरुण, नम्र गृहस्थ होते. त्यांना दोराच्या पाळण्यातून कुंडीत सोडले. मागून घरमालक, सुपडू आणि मी. कंदील पुढे धरून घरमालक चालू लागले आणि थांबले. भिंतीवर ओळीने नव्या काचा होत्या. एकही तडकलेली नव्हती. काही रुंद होत्या, काही गोलसर. एकीला निळी छटा होती. टोळीने त्या फडक्याने पुसूनही ठेवल्या होत्या.

"सब तो साबुत हैं," अधिकारी म्हणाले.

घरमालकांनी एका काचेच्या टोकाशी बोट दाबले. चुना ओला होता.

"ह्या काचा आजकालच्या आहेत, साहेब. ह्या अजून काही सांगत नाहीत."

"तो पुरानी कहाँ गईं?"

घरमालकांनी सुपडूकडे पाहिले नाही. सुपडूच पुढे आला. "मी काढल्या, साहेब. टोळीनं मिळून काढल्या. फुटक्या होत्या."

अधिकाऱ्यांनी टिपणे मागितली. घरमालकांकडे स्वतःची टिपणे होती. नागपूरला पाठवलेले अहवाल भोपाळच्या वाटेवर पेट्यांत होते. अधिकाऱ्यांनी टिपणे चाळली आणि विचारले, की यातले आज या भिंतीवर दिसेल असे काय आहे. घरमालक म्हणाले, काही नाही. पुरलेल्या काचा उकरून आणू का, असे सुपडूने विचारले. त्यालाही घरमालकांनीच नकार दिला. "काढलेली काच म्हणजे नुसती काच. ती दगड सरकल्याने फुटली की काढताना फुटली, हे मलाही सांगता येणार नाही."

काम आखाजीनंतर सुरू करावे, असा हुकूम त्यांनी तिथेच दिला.

त्याच दिवशी सुपडू घरी आला. उंबऱ्याशी बसला. काकूंनी पाणी दिले, ते त्याने हातात धरून ठेवले.

"साहेब, बडे साहेब येऊन राहिले अन् भिंतीवर फुटक्या काचा. घरात कोणी फुटका आरसा ठेवत नाही. हे तर सरकारी काम."

"मी त्या फुटण्यासाठीच लावल्या होत्या, सुपडू."

"ते आज समजलं. आम्हाला वाटे, साहेबांच्या काचा टिकून नाही राहिल्या. बिचारे लावतात अन् फुटतात. पुन्हा लावतात, पुन्हा फुटतात. आम्ही कधी बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

आत काकूंना हसू आवरले नाही.

"हसू नका, काकू. भोपाळला यांचं नाव गेलं म्हणे. काम कच्चं दिसलं तर घरी बसवतात. मग घराघरातून काचा जमा केल्या. कोणी कंदिलाची दिली. आमच्या टोळीतल्या रामानं देवाच्या तसबिरीची काढून दिली. देव उघडा बसला आहे."

घरमालक रागावले असावेत असे मला वाटले. मग ते म्हणाले, "चुना कसला वापरला?"

"गूळ अन् बेलाचा. बापजाद्यांचा. हलायचा नाही."

"तेच तर. तो वाळायला वेळ घेतो आणि आतून नरम राहतो. काच आधी सरकेल, फुटणार नाही." ते पुढे वाकले. "गूळ किती घातला?"

चुन्याचे हे बोलणे लांबत गेले. दुसऱ्या दिवशी सुपडूने त्या चुन्याचा एक गोळा आणून दिला. तो ते खिशात घेऊन हिंडत आणि मधूनमधून नखाने दाबून पाहत.

पण त्या दिवशी उठण्याआधी सुपडूने मूळ गोष्ट विचारली.

"आखाजी झाली की आम्हाला आत जायचं आहे. जायचं का नाही, एवढं सांगा."

"माहीत नाही."

"मग कोणाला माहीत?"

"कोणालाच नाही. काचा होत्या तर तुला दाखवलं असतं. आता नव्या लावतो, पण आखाजीपर्यंत त्यांतली एखादी बोलेल असं नाही."

"नाही गेलो तर दुसरी टोळी आणतील. दापोऱ्याची पोरं येतील, त्यांना दगडाची काहीच माहिती नाही."

"हो. ते तसंच करतील."

"मग?"

"मग मी रोज तुमच्यासोबत खाली बसतो. पेटी घेऊन."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या थट्टेने काही बोलतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "डबा दोन माणसांचा देते. सुपडूचाही."

काम असे चाले. घरमालक वरच्या टप्प्याच्या तोंडाशी, कुंडीतून उजेड पडतो तिथे, उलट्या घमेल्यावर बसत. ते काठीने दगडावर टकटक करत, की सगळ्यांनी फावडी थांबवून जागच्या जागी उभे राहायचे. ते ऐकत. पुन्हा टकटक झाली की काम सुरू. टोळी याला शाळेची प्रार्थना म्हणे. घरमालकांनी हात वर केला, की मात्र हातातले टाकून कुंडीकडे निघायचे आणि दोराने वर यायचे. हा करार सुपडूने टोळीला समजावला होता. ठेकेदाराच्या मुकादमाला तो मान्य नव्हता. अधिकाऱ्यांनी आडकाठी केली नाही.

पहिल्यांदा हात वर झाला तो कामाच्या सुरुवातीलाच. सगळे वर आले. काही झाले नाही. पुन्हा उतरले.

काही दिवसांनी दुसऱ्यांदा. तेव्हाही काही झाले नाही. टोळीतला रामा म्हणाला, "साहेबांनी हात वर केला की बिडी ओढायला मिळते. चांगलं आहे." मुकादम वर झाडाखाली बसलेला असे. तो म्हणाला, "काचवाले साब, अंदर कबूतर होगा."

तिसऱ्यांदा सगळे वर आल्यावर घरमालक स्वतःच म्हणाले, "आज माझी चूक. मालगाडी होती. चांदनी स्टेशनाकडून आली. पहिल्या वेळीही बहुतेक गाडीच होती."

हे त्यांनी न विचारता सांगितले. मुकादम मोठ्याने हसला. "कल बैलगाड़ी सुनाई दे तो बताना, साब." टोळीतलेही दोघेतिघे हसले. सुपडू हसला नाही, पण त्याने घरमालकांकडे पाहिलेही नाही. घरी आल्यावर काकूंनी मला विचारले, आज काय झाले. मी सांगितले. त्यांनी ताट वाढता वाढता नवऱ्याला विचारले, "चूक झाली ती सांगायलाच हवी होती का?"

"झाली होती."

"उद्या तुम्ही हात वर केला अन् ते आलेच नाहीत तर?"

"मग मीही येणार नाही," ते म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस हात वर झाला नाही. गाळ पुष्कळसा निघाला होता. मुकादमाने दिवसाची टोपल्यांची संख्या वाढवून मागितली आणि प्रार्थना कमी करा म्हणून सांगितले. घरमालकांनी कमी केली नाही. गाडीच्या वेळा त्यांनी स्टेशनावरून विचारून घेतल्या होत्या आणि त्या वेळी ते हेडफोन कानावरून काढून ठेवत. त्यांच्या खऱ्या काचा, सिमेंटात बसवलेल्या, त्या टप्प्यात पुन्हा लावून झाल्या होत्या. एकही तडकली नव्हती.

मृग लागण्याआधीच्या आठवड्यात, सकाळच्या कामाच्या मध्यावर, त्यांनी चौथ्यांदा हात वर केला. गाडीची वेळ जवळ होती. मी कुंडीच्या तोंडाशी वर होतो. खाली जे बोलणे झाले ते मी नंतर सुपडू आणि घरमालक, दोघांकडून वेगवेगळे ऐकले. दोन्ही सांगण्यांत फरक नव्हता.

सुपडूने फावडे टेकवून विचारले, "गाडी आहे का, साहेब?"

"माहीत नाही."

"बाकी काही ऐकू आलं?"

"आलं. पण ते काय आहे ते माहीत नाही."

टोळी थांबून सुपडूकडे पाहत होती. रामा म्हणाला, "एवढं घमेलं भरून जाऊ द्या."

"ठेव तिथंच," सुपडू म्हणाला. "चला."

सगळे वर आले. शेवटचा दोर घरमालकांचा होता. पेटी त्यांनी खालीच सोडली होती. मुकादम काही बोलला, ते ऐकायला कोणी थांबले नाही. माणसे बाभळीखाली भाकरी सोडून बसली. मालगाडी आली आणि गेली. घरमालक कुंडीच्या काठाशी मान तिरपी करून उभे होते. सुपडूने त्यांना भाकरी दिली, ती त्यांनी हातात घेतली.

जेवणे चालू असताना वरच्या टप्प्याचे छत खाली आले. आवाज फार मोठा झाला नाही. कुंडीतून आधी गार वारा आला, नंतर धूळ.

दुसऱ्या दिवशी घरमालक आणि सुपडू उतरले आणि जिथपर्यंत जाता आले तिथपर्यंत गेले. छत ज्या जागी खाली आले होते, तिथे त्यांनी काच लावलेली नव्हती. तिथे भेग दिसत नव्हती, असे त्यांनी सांगितले. त्या जागेला सगळ्यात जवळ असलेली काच साबूत होती. ते तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, असे सुपडू म्हणाला.

वरचा टप्पा सोडून देण्याचा हुकूम पावसाळ्याआधी आला. नव्या वस्तीला पाणी एका विहिरीवरून देण्यात आले. टोळीतल्या सगळ्यांची हजेरी छत पडले त्याच दिवशी सायंकाळी घेण्यात आली होती. सगळे हजर होते. सहा फावडी, घमेली, दोन पहारी, एक कंदील आणि ती पेटी आत राहिली. ते अजून काढण्यात आलेले नाहीत.